यष्ट्यांमागचा गुरू

भाताची कापणी होऊन शेते मोकळी झाली की आमच्या धाटावच्या परिसरात मुलांचे क्रिकेटचे डाव रंगू लागतात. फळी सर्वांस हवी, चेंडूही हवा. परंतु यष्ट्यांमागे उभे राहण्यास कोणी आपण होऊन येत नाही. जो सर्वांत लहान, त्यास तेथे उभे करावयाचे, असा रिवाजच पडून गेला आहे. ही जागा काय योग्यतेची आहे, हे श्री. चंद्रकांत पंडित यांच्या चरित्रावरून बालवाचकांस व त्यांच्या पालकांस कळावे, अशी आमची इच्छा आहे.

सर्व मैदान ज्याच्या समोर पसरलेले असते, असा क्षेत्ररक्षक एकच; तो यष्टिरक्षक. गोलंदाज थकला की ताजा आहे, फलंदाजाचा पाय कोठे पडतो, कोणता चेंडू खाली राहतो, हे त्यास प्रत्येक चेंडूगणिक पाहावे लागते. अमेरिकेतील बेसबॉल खेळात फलंदाजामागे बसणाऱ्या गड्याचे कामही याच जातीचे. तेथील कॉनी मॅक हा असाच गडी पुढे १९०१ पासून १९५० पर्यंत फिलाडेल्फियाच्या एकाच संघाचा व्यवस्थापक होता!

पंडित यांचा जन्म १९६१ सालचा. दादरच्या शिवाजी पार्कावर श्री. रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली ते तयार झाले. १९८६ साली लीड्स येथे ते भारतातर्फे पहिला कसोटी सामना खेळले. पण किरण मोरे यष्टिरक्षक असल्यामुळे केवळ फलंदाज म्हणून. एकंदर कसोट्या अवघ्या पाच, एकदिवसीय सामने छत्तीस. कीर्तीच्या मानाने हा हिशेब तोकडाच म्हणावयाचा.

पुढे ते मध्य प्रदेशाचे कर्णधार झाले. १९९९ साली बंगळूर येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना कर्नाटकाशी झाला. पहिल्या डावाची आघाडी मध्य प्रदेशाकडे होती. सामना अनिर्णित राहता तरी करंडक त्यांचाच. परंतु शेवटच्या दिवशी डाव कोसळला व हाती आलेले यश निसटले. हे शल्य पंडितांच्या मनात पुष्कळ वर्षे राहिले.

खेळणे संपल्यावर त्यांनी शिकविण्याचे काम पत्करले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने रणजी करंडक जिंकला, यात नवल ते काय? मुंबईस ती सवयच होती. खरी परीक्षा विदर्भात झाली. ज्या संघाने हा करंडक कधी जिंकला नव्हता, त्याने फैज फजल यांच्या नेतृत्वाखाली इंदूर येथे दिल्लीस हरवून तो २०१७-१८ च्या हंगामात मिळविला, आणि पुढील वर्षी राखलाही. पंडितांची शिस्त कडक. ती सर्वांसच रुचते असे नाही, आणि तिच्याविषयी मतभेद होण्यास जागा आहे, हे आम्हांसही मान्य आहे. तथापि नवख्या संघास आपण जिंकू शकतो हा विश्वास तिनेच दिला, असे आमचे मत आहे.

नंतर ते मध्य प्रदेशाकडे प्रशिक्षक म्हणून परतले. २०२२ च्या जूनमध्ये अंतिम सामना पुन्हा बंगळूरच्या त्याच मैदानावर आला, आणि समोर होती एक्केचाळीस वेळा विजयी झालेली मुंबई. म्हणजे पंडितांचे स्वतःचे शहर. मुंबईच्या ३७४ धावांस मध्य प्रदेशाने ५३६ धावांचे उत्तर दिले, व सहा गडी राखून सामना जिंकला. त्या वेळी, तेवीस वर्षांनंतर, या कठोर गुरूच्या डोळ्यांतून अश्रू वाहिले.