सॉफ्टबॉल खेळणारी मुलगी आणि महाविद्यालयाचे दार

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडी, हरमलातील एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून आमच्याकडे आले. त्यांची कन्या बारावी उत्तीर्ण झालेली, सॉफ्टबॉलमध्ये तरबेज, आणि परराज्यातील एका महाविद्यालयात खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश मागणारी. पिशवीत अकरा प्रमाणपत्रे होती. त्यांपैकी सर्वांत मोठे, सोनेरी कडेचे आणि ‘राष्ट्रीय’ असे ठळक छापलेले प्रमाणपत्र निवड समितीने प्रथमच बाजूस सारले होते. ती स्पर्धा भरविणाऱ्या मंडळास कोणाचीच मान्यता नव्हती. जो शुल्क भरील त्याला खेळावयास मिळे. ज्या कागदांचा उपयोग झाला असता ते शालेय स्पर्धांचे. त्यांतील एकावर जन्मतारीख चुकलेली, दुसऱ्यावर सही होती पण शिक्का नव्हता. मुलीचा हात उत्तम होता. जागा मात्र गेली.

त्या दिवसापासून आमच्या मनात होते की, या विषयावर कोणीतरी सविस्तर लिहावे. स्मरणिकेच्या निमित्ताने ते काम आम्हीच पत्करीत आहोत. पेडणे महालातील मुले फुटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी व क्रिकेट यांत रमतात; सॉफ्टबॉल त्या मानाने आडवाटेचा खेळ. परंतु आडवाटेवर गर्दी कमी असते, आणि म्हणूनच एखाद्या मुलीस या वाटेने पुढच्या शिक्षणापर्यंत पोहोचता येते. पूर्वी आपल्याकडील मुले किरणपाणीहून तेरेखोलची खाडी ओलांडून आरोंदेमार्गे सावंतवाडीस, तेथून बेळगाव किंवा मुंबईस शिकावयास जात. आता शाळा गावात आली, सरकारी महाविद्यालय तालुक्यात आले, मोपाला विमानतळ झाला. वाट सोपी झाली. शिदोरी बांधण्याचे काम मात्र पूर्वीइतकेच जिकिरीचे राहिले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १८८७ साली शिकागो शहरात, एका बोट क्लबच्या सभागृहात, घरात खेळावयाचा बेसबॉल म्हणून तो जन्मला. मैदानात चार बेस. एका बेसपासून दुसरा ६० फुटांवर. चेंडूचा घेर सुमारे १२ इंच, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच मोठा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, स्त्रियांच्या खेळात ४३ फुटांवरून हात खालून फिरवून चेंडू टाकते. सामना सात डावांचा. नाव ‘सॉफ्ट’ असले तरी चेंडू मुळीच मऊ नसतो. अमेरिकेतील चांगल्या महाविद्यालयीन पिचर तो ताशी ६० ते ७० मैल वेगाने टाकतात, आणि अंतर थोडे असल्यामुळे फलंदाजाला विचार करावयास अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ ते २००८ पर्यंत होता, पुन्हा टोकियोत २०२१ साली झाला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमातही त्याला स्थान मिळाले आहे. भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ साली, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, स्थापन झाली. शेजारच्या महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांतून तो चांगला रुजला आहे.

आता मुद्द्याकडे वळू. आपल्या देशात महाविद्यालय खेळाडूस का घेते? परोपकार म्हणून नव्हे. भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत त्यास संघ उतरवावयाचा असतो, आणि संघाला खेळाडू लागतात. म्हणून निवड समिती दोन गोष्टी पाहते: मुलीने कोणत्या पातळीवर खेळ केला त्याचा कागद, आणि चाचणीच्या दिवशी तिचा प्रत्यक्ष खेळ. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी खेळ व इतर कलागुण यांसाठी मिळून जास्तीत जास्त ५ टक्के जागा असतात, आणि तेथेही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावीच लागते. जागा थोड्या. त्यातही संघाला त्या वर्षी पिचर हवी असेल तर उत्तम फलंदाज मुलगी मागे राहते. हे अन्यायाचे वाटते खरे. पण अर्ज करण्यापूर्वी त्या महाविद्यालयाच्या क्रीडा शिक्षकांस ‘यंदा आपणांस कोणत्या जागेची खेळाडू हवी?’ असे साधे पत्र लिहावे. असे पत्र लिहिणारे पालक आम्ही फार थोडे पाहिले आहेत.

कागदांविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहिणार आहोत. वाचकांनी कंटाळू नये, कारण अपयशाचे मूळ बहुधा येथेच असते. समितीच्या दृष्टीने पातळ्यांची उतरंड ठरलेली असते: आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, राष्ट्रीय शालेय, राज्य, जिल्हा. राष्ट्रीय शालेय स्पर्धा भारतीय शालेय क्रीडा महासंघ भरवितो, आणि तेथपर्यंतची वाट तालुका व राज्य स्पर्धांतून, क्रीडा व युवा व्यवहार संचालनालयामार्फत जाते. म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापकांनी वेळेवर प्रवेशिका पाठविली नाही तर मुलीचे ते वर्ष फुकट गेले. केंद्र सरकारच्या नोकरीतील खेळाडू भरतीसाठी तर ठरावीक नमुनेच आहेत: नमुना १ आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा, २ राष्ट्रीय स्पर्धेचा, ३ आंतरविद्यापीठ स्पर्धेचा आणि ४ राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा, आणि प्रत्येकावर कोणत्या अधिकाऱ्याने सही करावयाची तेही ठरलेले आहे. महाविद्यालयात शिरताना हे नमुने कदाचित कोणी मागणार नाही, पण पुढे नोकरीच्या वेळी मागतील, आणि तोवर सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला असेल. म्हणून स्पर्धा संपल्याबरोबर, घामाचे कपडे बदलण्यापूर्वी म्हटले तरी चालेल, कागद ताब्यात घ्यावा आणि नाव, जन्मतारीख, स्पर्धेचे वर्ष, सही, शिक्का ही पाच स्थळे तपासावी. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज धाटणीचे आडनाव आणि शाळेच्या दाखल्यावर मराठी धाटणीचे, असे आपल्याकडे पुष्कळ घरांत असते. तो घोळ नववीतच मिटवावा. आणि कृपा करून मूळ प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये चिकटवून बंद करू नये. मागच्या बाजूस कोणास शेरा मारावयाचा असेल तर मारता येत नाही.

गोवा शालान्त मंडळ खेळाडू विद्यार्थ्यांस क्रीडा गुण देते, हे सर्वांस ठाऊक आहे. किंबहुना काहींस तेवढेच ठाऊक आहे. पदरी दोन-चार गुण पडले की खेळाचे काम झाले असे समजून ग्लोव्ह माळ्यावर टाकणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. समिती मात्र बहुधा अलीकडच्या तीन-चार वर्षांतलीच कामगिरी मोजते. आठवीतले सुवर्णपदक बारावीनंतर भिंतीची शोभा होते. खरी मोलाची वर्षे नववी ते बारावी.

हीच चार वर्षे अमेरिकेतही मोजली जातात, आणि तेथील व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. आपल्या लोकांची मुले तिकडे वाढत आहेत, आणि इथली एखादी मुलगीही उद्या अर्ज करू शकते. १९७२ साली तिकडे एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कोणास डावलता येणार नाही, असा त्याचा आशय. तो खेळासही लागू पडला, आणि मुलींच्या खेळांत महाविद्यालये पैसा घालू लागली. सॉफ्टबॉलला त्याचा मोठा लाभ झाला. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना १९८२ पासून मुलींची अजिंक्यपद स्पर्धा भरवीत आली आहे. या संघटनेच्या तीन श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीची महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. पहिल्या श्रेणीत पूर्वी एका संघास बारा शिष्यवृत्त्यांइतकाच पैसा देता येई, आणि तो वीस-पंचवीस मुलींत वाटला जाई. २०२५ पासून नवी व्यवस्था स्वीकारलेल्या महाविद्यालयांत हे बंधन जाऊन संघातील संख्येवर, म्हणजे पंचवीस मुलींवर, मर्यादा आली. तरीही संपूर्ण खर्च भागविणारी शिष्यवृत्ती हाती येईल असे धरून घर गहाण टाकू नये. ‘शंभर टक्के शिष्यवृत्ती मिळवून देतो’ म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

अभ्यासाची अट तिकडे कडक आहे. पहिल्या श्रेणीत खेळावयाचे तर नववी ते बारावीत मिळून सोळा मूळ विषय-अभ्यासक्रम पुरे झालेले असावे लागतात, त्यांपैकी दहा शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी, आणि गुणांची सरासरी चारांपैकी किमान २.३. आपल्याकडे नववी म्हणजे विसाव्याचे वर्ष, खरा अभ्यास दहावीत, अशी समजूत आहे. तिकडच्या पात्रता केंद्राकडे नववीचेही गुणपत्रक जाते. २०२३ पासून संघटनेने प्रमाणित परीक्षेची अट काढली असली तरी काही महाविद्यालये ती अजून मागतात, आणि परदेशी विद्यार्थिनीस बहुधा इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. आणखी एक नियम: पहिल्या श्रेणीचा प्रशिक्षक सॉफ्टबॉल खेळाडूशी भरतीविषयी अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी बोलू शकत नाही. तोपर्यंत मुलीने लिहिलेल्या पत्रास उत्तर आले नाही म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही.

समुद्रापलीकडचा प्रशिक्षक हरमलास येणार नाही. तो चित्रफीत पाहतो. ती तीन-चार मिनिटांची असावी. गाणे नको, नाव व जन्मवर्ष पुरे. पिचरचे चित्रण मागून आणि बाजूने घ्यावे. फलंदाजी समोरच्या बाजूने. आणि घरच्या बेसपासून पहिल्या बेसपर्यंतची धाव न कापता दाखवावी. वेगवान मुली हे ६० फूट तीन सेकंदांच्या आसपास कापतात. चुकलेला एखादा झेलही राहू द्यावा; त्यानंतर मुलगी चेंडूमागे कशी धावते, हे जाणत्याला पाहावयाचे असते.

सरावाला मैदान नाही, ही तक्रार आम्ही नित्य ऐकतो. ओहोटीच्या वेळी हरमलच्या किनाऱ्यावरची ओली वाळू चांगली घट्ट असते. सुंभाच्या दोरीला ४३ आणि ६० फुटांवर गाठी मारून घ्याव्या, म्हणजे आखणी झाली. चेंडू ओला होऊ नये एवढे सांभाळावे. चिऱ्याच्या गडग्यावर खडूने चौकोन काढून त्यात चेंडू टाकणे हाही उत्तम सराव होय. खांद्यात जोर असलेली मुलगी दुसऱ्या खेळातूनही येऊ शकते: उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग व दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटू २००८ साली अमेरिकेत बेसबॉलचे पिचर म्हणून करारबद्ध झाले, त्यापूर्वी त्यांनी तो खेळ जाणला नव्हता. मात्र एका दिवसात किती चेंडू टाकले ते वहीत लिहावे आणि दुखऱ्या खांद्यास विश्रांती द्यावी. मुलींच्या गुडघ्यातील बंध मुलांपेक्षा अधिक वेळा तुटतात. उडी मारून गुडघा आत न वळवता उतरण्याचा व्यायाम रोज दहा मिनिटे करून घ्यावा. वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे. पंडुरोग असलेली मुलगी आळशी ठरविली जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. नाचणीची आंबील आणि बांगडा आपल्या घरात आहेतच.

बाहेरगावच्या स्पर्धेस मुलीस पाठविताना संघाबरोबर कोण बाई जाणार, मुक्काम कोठे, हे विचारण्यास पालकांनी भीड धरू नये. चांगला प्रशिक्षक या प्रश्नाने रागावत नाही.

त्या गृहस्थांच्या मुलीने पुढे काय केले, हे वाचक विचारतील. तिने वर्षभर थांबून तालुक्यातल्याच महाविद्यालयात नाव घातले. जन्मतारीख दुरुस्त करून घेतली, शिक्का मारून आणला, आणि आता ती शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी अर्ज भरीत आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई संस्थेचे पत्रक तिच्यापाशी आम्ही पाहिले. या वेळी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हते, पुठ्ठ्याच्या फायलीत वर्षवार लावलेले होते. सर्वांत वर नववीचे गुणपत्रक होते.