खाट मिळेल ना?

‘सिव्हिलमध्ये खाट मिळेल ना गं?’ पावसाळा तोंडावर आला, की मांडवीच्या जेटीवर फिरायला येणाऱ्या बायकांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. कुणाच्या सासूबाईंचा दमा बळावलेला, तर कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली.

एप्रिल २०२१ मध्ये हाच प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राला पडला होता. राज्यात एकेका दिवशी साठ हजारांवर नवे करोना रुग्ण सापडत होते. खाट म्हणजे नुसतं लोखंड आणि गादी नव्हे, हे तेव्हा आपल्याला कळलं. उशाशी ऑक्सिजन हवा, रात्री-अपरात्री बघणारी सिस्टर हवी. यातलं काही नसेल, तर ती खाट फक्त कागदावरची!

मैत्रिणींनो, खाटांचं गणित आपल्या घरच्या हिशोबासारखंच आहे. समजा, वॉर्डात २० खाटा आहेत आणि प्रत्येक रुग्ण ५ दिवस राहतो. म्हणजे रोज सरासरी ४ खाटा मोकळ्या होणार. हाच मुक्काम १० दिवसांवर गेला, तर मोकळ्या होणार फक्त २. खाटा तेवढ्याच, पण वॉर्ड निम्म्यावर आला की नाही?

मग सगळ्या खाटा कायम भरलेल्या असणं चांगलं का? मुळीच नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हे गणित मांडून दाखवलं. सरासरी ८५ टक्क्यांवर खाटा भरलेल्या राहिल्या, की धोका जाणवू लागतो. ९० टक्क्यांच्या पुढे तर वारंवार तारांबळ उडते. कारण आजारी माणसं काही ठरवून, रांगेने येत नाहीत. गणपतीत चाकरमानी येणार म्हटलं, की आपणही एखादं अंथरूण जादा काढून ठेवतोच ना? डेंग्यू आणि लेप्टोचे दिवसही साधारण तेच. तेव्हा वॉर्डालाही थोडी रिकामी जागा लागतेच.

रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही दिलाशाची गोष्ट. तरी इथे जागा नसली, तर कोल्हापूरची वाट आंबा घाटातूनच जाते आणि पावसाळ्यात घाटाचा भरवसा कोण देणार?

आपल्या हातात काय आहे? डॉक्टरांनी सकाळी घरी सोडलं, तरी ‘आज अमावस्या, उद्या नेऊ’ किंवा ‘गाडी संध्याकाळी येईल’ असं आपण सहज म्हणतो. तेवढ्यात बाहेर बाकावर एखादी कळा सोसत बसलेली असते. सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या बाईसाठी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात प्रसूती, औषधं मोफत आणि घरी सोडायला गाडीसुद्धा. ती आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.

पण घाईही नको हं! साध्या बाळंतपणानंतरही ४८ तास रुग्णालयात राहायलाच हवं. रक्तस्रावाचा धोका याच काळात जास्त असतो. ‘खाट अडवू नका’ म्हणून कुणी लवकर घरी धाडत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणखी एक. तातडीच्या वेळी १०८, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२. कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितो ना, तिथेच हे दोन नंबर ठळक लिहून ठेवा. घरातल्या लहानग्यालाही वाचता येतील, एवढे मोठ्ठे!