स्वमग्नता समजून घेताना : लेखांक ७ – अडतं ते मुलाखतीत

मागच्या लेखांकात आपण स्वमग्न मुलांच्या दहावी-बारावीपर्यंत आलो. आता पुढचा टप्पा. यवतमाळच्या किंवा पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून संगणकाची पदवी घेतलेल्या स्वमग्न तरुणाची गाडी नोकरीपाशी कुठे अडते? बहुतेक वेळा कामाच्या आधीच, मुलाखतीत.

गटचर्चा, नजरेला नजर देणं, ‘स्वतःबद्दल काहीतरी सांगा’ असे मोघम प्रश्न. या अर्ध्या तासात जोखली जाते ती बोलण्याची हातोटी. सॉफ्टवेअरची तपासणी करणाऱ्याला मात्र वेगळंच लागतं: तेच पान पुन्हा पुन्हा बारकाईने पाहणं, नियम तंतोतंत पाळणं, इतरांच्या नजरेतून निसटलेली विसंगती पकडणं. अनेक स्वमग्न माणसांचं लक्ष आधी तपशिलावर जातं, म्हणून हे काम त्यांना जमतं. सगळ्यांनाच जमतं असं नाही. प्रत्येक स्वमग्न मूल संगणकात हुशार असतं, हा समज आईवडिलांवर आणि मुलांवर नाहक ओझं टाकतो.

डेन्मार्कच्या थोर्किल सोने यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी २००४ मध्ये ‘स्पेशालिस्टर्ना’ ही कंपनी काढली आणि निवडीची रीतच बदलली. उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव बांधायला आणि चालवायला दिले, ते कसं काम करतात हे सावकाश पाहिलं. जर्मनीच्या ‘सॅप’ने आधी आपल्या बंगळुरूच्या कार्यालयात स्वमग्न तरुणांना घेऊन पाहिलं आणि २०१३ मध्ये हा उपक्रम जगभर नेला. २०१५ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’नेही रूढ मुलाखतीऐवजी काही दिवसांचं कामाधारित मूल्यमापन सुरू केलं.

निवडीनंतर लागणाऱ्या सोयी फार खर्चिक नसतात. सूचना लेखी द्याव्यात, बसायला शांत जागा असावी, बदल आधी कळवावेत, अडचण विचारायला एक ठरलेला सहकारी असावा.

कायद्याचंही पाठबळ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. दारव्हा, वणी, उमरखेडच्या पालकांनी ते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं विशिष्ट ओळखपत्र, मूल शिकत असतानाच काढून ठेवावं. नोकरीची जाहिरात आल्यावर धावाधाव करून वेळ पुरत नाही.

जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांना एक कळकळीची विनंती. नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांशी बोलताना एवढंच मागा: या विद्यार्थ्याला प्रश्न आधी लेखी द्या, आणि एक दिवस प्रत्यक्ष काम देऊन पाहा. ही सवलत नाही, ही त्याची खरी परीक्षा आहे.

पुढच्या लेखांकात : नोकरीचे पहिले सहा महिने आणि घरच्यांची भूमिका.