मूठभर पेशींची साक्ष

दिवस राहिल्याचं तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. रीत शहाणपणाची खरी. पण त्या तीन महिन्यांत जे जातं, तेही मग कुणाला सांगता येत नाही. चार वर्षांत माझे तीन गर्भ गेले. तिन्ही वेळा ऑफिसात मी तापाचं कारण देऊन रजा टाकली.

घरात मात्र ठाऊक होतं आणि प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. स्कूटर, पपई, जिने, कॉम्प्युटरसमोरचं बसणं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पाण्याची बादली माझ्या हातून काढून घेतली. खरं म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपातांत गुणसूत्रांचा दोष असतो. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. २३ आईकडून, २३ वडिलांकडून. स्त्रीबीज तयार होताना ही वाटणी कधी चुकते आणि बाईचं वय वाढतं तशी जास्त वेळा चुकते. तिसऱ्या खेपेला गेलेल्या गर्भाची तपासणी करून घेतली, तेव्हा सोळाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती निघाल्या. या जातीच्या दोषांत गर्भपातात सर्वांत जास्त आढळणारा हाच. त्या एका कागदानं मला केवढं हलकं केलं! पपई सुटली, स्कूटर सुटली.

आमच्या दोघांच्या रक्तातली गुणसूत्रं ठीक होती. माझं वय ३८. डॉक्टरीणबाईंनी सुचवलं, गर्भ प्रयोगशाळेत तयार करू आणि गर्भाशयात सोडण्याआधी तपासू. नवरा म्हणाला, ‘‘पण हिला दिवस राहतातच की!’’ प्रश्न रास्त होता. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला, तेव्हापासून टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे मूल न राहणाऱ्यांचा उपाय, हेच आपल्या डोक्यात बसलेलं. इथे ती सगळी इंजेक्शनं, ती भूल आणि तो खर्च, हे निव्वळ तपासणीसाठी.

तपासणी होते ती अशी. पाचव्या दिवशी गर्भ शंभरावर पेशींचा गोळा झालेला असतो. त्याच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार बनते, पाच-दहा पेशी अलगद काढतात. गर्भ गोठवून ठेवतात आणि पेशी प्रयोगशाळेत जातात.

आता जे मला क्लिनिकच्या रंगीत पुस्तिकेत सापडलं नाही, ते सांगते. या तपासणीनं गर्भ सुधारत नाही, फक्त निवडला जातो. शिवाय वारेच्या पेशी आतल्या बाळाबद्दल नेहमी खरीच साक्ष देतात असं नाही. काही गर्भांत चांगल्या आणि सदोष पेशी एकत्र असतात. त्यांना ‘मिश्र’ म्हणतात. २०१५ साली इटलीतल्या डॉक्टरांनी असे मिश्र गर्भ १८ स्त्रियांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतून सहा निरोगी बाळं जन्मली. २०२१ साली चीनमधल्या १,२१२ स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तपासणी केलेल्यांपैकी ७७ टक्क्यांना मूल झालं, न केलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना. गर्भपात मात्र तपासणीनंतर कमी झाले. त्या बायका ३७ वर्षांपर्यंतच्या आणि भरपूर गर्भ तयार झालेल्या; त्यांचं माप मला तंतोतंत बसत नाही, हेही खरं.

मध्येच एका चुलत सासूबाईंनी हळूच विचारलं, ‘‘एवढं सगळं दिसतं, तर मग मुलगा का मुलगी...?’’ ते सांगायला १९९४ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. महाराष्ट्रानं तर त्याआधी १९८८ मध्येच आपला कायदा केला होता. मी तेवढंच सांगितलं आणि चहा टाकायला उठले.

आमचं खरं घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. नवऱ्याला भीती वाटत होती शून्याची. एवढं करून सोडण्याजोगा एकही गर्भ निघाला नाही तर? आणि चुकून एखादा चांगलाच बाद ठरला तर? मला भीती होती ती नवव्या आठवड्याची. हृदयाचे ठोके पडद्यावर पाहिल्यानंतर पुढच्या खेपेला तिथे काहीच हलत नाही, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. कागदावरचं शून्य मी सोसलं असतं. महिनाभर आम्ही यावरच बोलत होतो, कधी भांडत होतो. शेवटी सासूबाईच मुलाला म्हणाल्या, ‘‘अरे, सोसायचं तिच्या अंगानं आहे. तिला काय सोसवेल ते तिलाच ठरवू दे.’’

अकरा स्त्रीबीजं मिळाली, त्यांतली आठ फळली, पाचव्या दिवसापर्यंत चार टिकली. अहवाल आला: दोन सदोष, एक मिश्र, एक ठीक. ठीक म्हणजे गुणसूत्रांची मोजदाद ठीक. तो रुजेल, टिकेल याची हमी कुणी देत नाही. पुढच्या महिन्यात तो सोडायचा आहे. मिश्र गर्भ मी काढून टाकू दिला नाही. त्याला गोठवून ठेवण्याचं वर्षाचं भाडं नवऱ्यानंच भरलं आणि पावती घरपट्टीच्या फायलीत लावली.