मानसिक आजार आणि सामूहिक गोळीबार
अमेरिकेत सामूहिक गोळीबार झाला, की त्याचे कारण हल्लेखोराच्या मानसिक आजारात शोधले जाते. काही घटनांत असा संबंध दिसतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात २००७ मध्ये ३२ जणांना ठार करणाऱ्या हल्लेखोराला न्यायालयाने २००५ मध्येच मानसोपचारांचा आदेश दिला होता. तरीही त्याला बंदुका विकत घेता आल्या. मात्र एफबीआयने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६३ हल्लेखोरांच्या अभ्यासात केवळ एक-चतुर्थांश जणांच्या मानसिक आजाराचे पूर्वनिदान आढळले. अमेरिकेतील एकूण हिंसाचारापैकी सुमारे ४ टक्केच गंभीर मानसिक आजारामुळे घडतो, असा अंदाज ड्यूक विद्यापीठातील संशोधक जेफ्री स्वॉन्सन यांनी मांडला. असे आजार सर्वच देशांत आढळतात. नागरिकांकडील बंदुकांचे प्रमाण मात्र अमेरिकेत सर्वाधिक आहे. आजारावर सरसकट ठपका ठेवल्यास रुग्णांविषयीची भीती वाढते आणि ते उपचारांपासून दुरावण्याचा धोका असतो.