शेंडेनक्षत्राची वाट पाहताना

आजऱ्याचं आकाश : लेखांक ९

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. त्याच दिवशी त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे सात कोटी किलोमीटरवर आला होता. सप्टेंबरअखेर तो पहाटे पूर्वेला दिसत होता. मग काही दिवस सूर्याच्या उजेडात हरवला आणि दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळच्या पश्चिम आकाशात आला. खाली सोनं वाटून माणसं घरी परतत होती आणि वर आकाशातही एक सीमोल्लंघन चाललं होतं.

आजऱ्यात हस्ताचा पाऊस नुकताच सरला होता, चित्रा लागली होती. गावाबाहेरच्या एका माळावर, पश्चिम मोकळी दिसेल अशा जागी आम्ही चौघं जण जाऊन उभे राहत होतो. पहिल्या दोन संध्याकाळी आंबोलीच्या बाजूनं आलेल्या ढगांनी नेल्या. तिसऱ्या दिवशी, सूर्य मावळून पाऊण तास झाल्यावर, शुक्र आणि स्वाती यांच्या मधल्या जागेत एक धुरकट रेघ दिसली. आधी दुर्बिणीतून आणि जागा पक्की झाल्यावर नुसत्या डोळ्यांनीही. खाली बारीक उजळ ठिपका, त्यातून वर निघालेला फिकट पट्टा. चांदणं असूनही तो दिसत होता.

आमच्यातला एक जण थोडा हिरमुसला. मोबाइलवर त्यानं निळ्या-सोनेरी शेपटीचे फोटो पाहिले होते. कॅमेरा दहा-वीस सेकंद प्रकाश साठवत राहतो, डोळ्याला तसं साठवता येत नाही, हे त्याला सांगितलं. पाच मिनिटं तो गप्प उभा राहिला आणि म्हणाला, ‘आता शेपूट आणखी वर गेल्यासारखं वाटतंय.’ शेपूट वाढलं नव्हतं, त्याचे डोळे अंधाराला सरावले होते. धूमकेतू पाहण्याचा पहिला धडा त्याला माळावरच मिळाला.

शेंडी, केस आणि धुराचा ध्वज

आपल्या जुन्या माणसांचा शब्द शेंडेनक्षत्र. ग्रीकांना त्यात मोकळे सोडलेले केस दिसले, संस्कृतात तो धुराचा ध्वज झाला. रूप सगळ्यांनी अचूक टिपलं. आत काय आहे, ते कळायला मात्र विसावं शतक यावं लागलं.

धूमकेतूचा गाभा लहान असतो, बहुधा काही किलोमीटरचा. बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा तो ओबडधोबड गोळा. हॅलेच्या धूमकेतूचा गाभा साधारण १५ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद आहे. १४ मार्च १९८६ रोजी युरोपचं जिओत्तो यान त्याच्यापासून सुमारे सहाशे किलोमीटरवरून गेलं, तेव्हा तो कोळशासारखा काळा निघाला. असा गोळा सूर्याजवळ आला की त्यातला बर्फ थेट वाफ होतो आणि सोबत धूळ उधळते. गाभ्याभोवती हजारो किलोमीटरचं धुकं तयार होतं आणि त्या धुक्यातून शेपट्या निघतात.

शेपट्या बहुधा दोन असतात. धुळीची शेपटी पिवळसर आणि किंचित वाकडी. सूर्यप्रकाशाच्या दाबानं धुळीचे कण मागे रेटले जातात, ते सूर्याचाच उजेड परतवतात म्हणून दिसतात. दुसरी वायूची, निळसर आणि सरळ. सूर्याकडून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा वारा तिला ढकलतो. त्यामुळे धूमकेतू कुठेही चालला असो, शेपूट सूर्याच्या उलट्या दिशेलाच असतं. सूर्यापासून दूर जाताना तर धूमकेतू आपल्या शेपटीमागून चालतो.

हे कळलं की एक गैरसमज गळून पडतो. धूमकेतू उल्केसारखा सर्रकन आकाश चिरत जात नाही. तो रात्रभर ताऱ्यांच्या मध्ये स्थिर वाटतो. आजच्या आणि उद्याच्या जागेत फरक पडतो, तो ताऱ्यांच्या खुणेनं ओळखायचा. संध्याकाळी पश्चिमेला दिसणाऱ्या धुरकट रेघेचं तोंड क्षितिजाकडे आणि शेपूट वर असेल, तर ती धूमकेतूची. विमानाचा धूर घटकाभरात विरतो किंवा सरकतो.

पाऊस आणि धूमकेतू

आजऱ्यातल्या माणसानं धूमकेतूंचा विचार पावसाला धरूनच केला पाहिजे. २०२० च्या जुलैत निओवाइज हा फार देखणा धूमकेतू आला होता. साधारण १४ जुलैपासून तो संध्याकाळी वायव्येला दिसत होता आणि २३ जुलैला पृथ्वीपासून सुमारे १० कोटी ३० लाख किलोमीटरवर होता. जगभर लोकांनी तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला. आपल्याकडे पुनर्वसूचा तरणा पाऊस संपून पुष्याचा म्हातारा पाऊस लागण्याचे ते दिवस. किटवड्याच्या बाजूला तर चार-चार दिवस सूर्यही दिसत नाही, तिथे धूमकेतू कुठून दिसणार? निओवाइजची पुढची फेरी सुमारे ६,८०० वर्षांनी आहे.

उलट उदाहरण हेल-बॉपचं. १९९७ चा मार्च आणि एप्रिल, कोरडं आकाश, संध्याकाळी वायव्येला ठळक दिसणारा धूमकेतू. १ एप्रिलला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता आणि ८ एप्रिलला गुढीपाडवा होता. आज ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांच्यातल्या अनेकांनी आयुष्यात पाहिलेला पहिला धूमकेतू हाच. तो सुमारे दीड वर्ष नुसत्या डोळ्यांच्या टप्प्यात होता, त्यामुळे ढगांनी नेलेल्या रात्रींची भरपाई करता आली. त्याच्या आदल्या वर्षी ह्याकुताके २५ मार्च १९९६ ला अवघ्या दीड कोटी किलोमीटरवरून गेला. जपानमधल्या युजी ह्याकुताके या हौशी निरीक्षकानं तो मोठ्या द्विनेत्री दुर्बिणीतून शोधला होता.

या तिन्हींवरून आपलं पंचांग मांडता येतं. आजऱ्याचं धूमकेतूंचं वर्ष चित्रा नक्षत्रात सुरू होतं आणि मृगाला संपतं. पाऊस थांबला की हवेतली धूळ धुतलेली असते, घनसाळ भाताची शेतं उभी असतात आणि पश्चिम क्षितिज काचेसारखं दिसतं. डिसेंबर-जानेवारीत हिरण्यकेशीच्या काठाला पहाटे धुकं साचतं, तेव्हा नदी सोडून वरचा माळ गाठावा. मार्च ते मे मध्ये वणव्यांचा धूर आणि वळवाचे ढग आड येतात, पण पहाट बहुधा निवळ असते.

कुठे उभं राहायचं, काय न्यायचं

तेजस्वी धूमकेतू बहुतेक वेळा सूर्याच्या आसपासच असतो, म्हणून तो क्षितिजाजवळ आणि थोडाच वेळ दिसतो. जागा निवडताना डोक्यावरच्या आकाशापेक्षा क्षितिज पाहावं. संध्याकाळच्या धूमकेतूला पश्चिम आणि वायव्य मोकळी हवी, पहाटेच्याला पूर्व. आजऱ्याभोवती डोंगर आहेत, त्यामुळे दरीतल्या वाडीतून जे दिसत नाही ते सड्यावरून दिसतं. दिवसा एकदा जाऊन जागा बघून यावी. आपल्या भागात गव्यांचा वावर आहे आणि हत्तीही येऊन गेले आहेत, म्हणून रात्री एकट्यानं रानाकडे जाऊ नये. गावाजवळचा उघडा माळ पुरेसा असतो.

मागच्या एका लेखात आपण हातानं आकाश मोजायला शिकलो. हात सरळ पुढे धरला की मूठ सुमारे १० अंशांची, पूर्ण ताणलेली वीत सुमारे २० अंशांची. धूमकेतू शोधताना हीच मापं कामाला येतात. ‘शुक्राच्या उजवीकडे दीड वीत, स्वातीच्या खाली’ असं सांगितलं की शेजारी उभा असलेला माणूसही नेमका तिथे पोचतो.

दुर्बीण मोठी नको. ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री उत्तम. धूमकेतू पसरट असतो, जास्त मोठा करून पाहिला तर तो आणखी फिकट होतो. द्विनेत्री नसेल तरी निराश होऊ नये. अंधारात वीस-तीस मिनिटं थांबावं, मोबाइल खिशात ठेवावा, बॅटरीच्या तोंडावर लाल जिलेटिन कागद लावावा. फिकट शेपूट पाहताना नजर थोडी बाजूला धरावी, तिरक्या नजरेला मंद उजेड जास्त कळतो. फोटो घ्यायचा असेल तर मोबाइल दगडावर किंवा स्टँडवर पक्का बसवून रात्रीच्या मोडमध्ये काही सेकंदांचा घ्यावा. सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय किंवा उगवायला आल्यावर दुर्बीण क्षितिजाकडे कधीही रोखू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.

चंद्राचाही हिशेब ठेवावा. २०२४ मध्ये धूमकेतू संध्याकाळी आला आणि लगेच १६ ऑक्टोबरला कोजागिरी आली. आटवलेल्या दुधात चंद्र पाहण्याची ती रात्र, धूमकेतूसाठी मात्र आकाश उजळून गेलेलं. कोजागिरीनंतर तीन-चार दिवसांनी चंद्र उशिरा उगवू लागला आणि संध्याकाळी पुन्हा अंधार मिळाला. तोवर धूमकेतू मंदावला होता, पण दुर्बिणीतून त्याचं शेपूट पहिल्यापेक्षा लांबवर पाहता आलं. ‘आता काय राहिलंय’ म्हणून ज्यांनी जाणं सोडलं, त्यांनी ते गमावलं.

धूमकेतू किती उजळेल, याचं भाकीत दर वेळी खरं ठरत नाही. १९७३ च्या कोहौटेकबद्दल फार मोठ्या अपेक्षा होत्या, त्या पुऱ्या झाल्या नाहीत. २०१३ चा आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना विरून गेला. त्सुचिनशान-ॲटलास सूर्यापर्यंत पोचण्याआधीच फुटेल, असं एका अभ्यासात म्हटलं होतं, आणि तो तर दसऱ्याला आपल्या दारात उभा राहिला. म्हणून बातमी वाचून घरी बसू नये, स्वतः जाऊन पाहावं.

नोंदीची किंमत

धूमकेतूची भीती आपल्याकडे जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार नावाचा सबंध अध्याय आहे. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या निधनाच्या वेळच्या उत्पातांमध्ये भूकंप आणि उल्कापातासोबत धूमकेतूही येतो. महाराजांचं निधन ३ एप्रिल १६८० चं. त्याच वर्षीचा प्रसिद्ध मोठा धूमकेतू जर्मनीत गॉटफ्रीड किर्शनं नोव्हेंबरमध्ये दुर्बिणीतून शोधला; दुर्बिणीनं शोधलेला तो पहिला धूमकेतू. बखरकारानं दुःखाची खोली सांगितली, पण धूमकेतू कोणत्या दिशेला, कोणत्या नक्षत्रात होता हे लिहिलं नाही. त्यामुळे त्या उल्लेखावरून आज काहीच ताडता येत नाही.

दुसरीकडे एडमंड हॅलेपुढे १५३१, १६०७ आणि १६८२ च्या धूमकेतूंच्या जागा तारीखवार लिहिलेल्या होत्या. त्या पडताळून त्यानं १७०५ मध्ये मांडलं की हे तीन वेगळे पाहुणे नाहीत, एकच आहे, आणि तो १७५८ च्या सुमारास परत येईल. हॅले १७४२ मध्ये वारला. १७५८ च्या नाताळच्या रात्री तो धूमकेतू पहिल्यांदा दिसला तो योहान पालिच याला. पालिच ड्रेस्डेनजवळ प्रोहलिस गावात शेती करत होता.

आकाशाकडे बघून पेरणीचा अंदाज बांधणाऱ्या आपल्या गावांना हे उदाहरण जवळचं वाटावं. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस ही नावं पिढ्यान् पिढ्या आकाश पाहिल्यावरच आली आहेत. पाहण्याची सवय आपल्याकडे आहे, लिहून ठेवण्याची कमी पडली. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘धूमकेतू’ नावाची कथा लिहिली, तिचा नायकही एक हौशी निरीक्षक आहे. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. आजऱ्यातल्या शाळेतला मुलगा किंवा मुलगी या परंपरेत बसायला काहीच अडचण नाही, शंभर पानी वही असली की झालं.

हॅलेचा धूमकेतू पुन्हा सूर्याजवळ येईल २८ जुलै २०६१ ला. सूर्य तेव्हा पुष्यात असेल, म्हणजे म्हातारा पाऊस. आज शाळेत असलेल्यांनी त्या वर्षी पूर्वेला, पावसाच्या छायेतल्या जतकडे किंवा मंगळवेढ्याकडे जायची तयारी ठेवावी. पण हॅलेनं मागे टाकलेली धूळ दर वर्षी दोनदा आपल्या आकाशात जळते : एकदा ५-६ मेच्या पहाटे आणि एकदा २१ ऑक्टोबरच्या आसपास मध्यरात्रीनंतर, मृग नक्षत्राच्या बाजूनं. दोन्ही वेळा आजऱ्यात मोसमी पाऊस बहुधा नसतो. येत्या ऑक्टोबरात अंथरूण घेऊन गच्चीवर या, उताणे पडा, तासाभरात किती उल्का पडल्या ते मोजा, आणि झोपण्यापूर्वी वहीत तारीख, वेळ, दिशा आणि आकडा लिहा.