लवकर निदान म्हणजे जास्त आयुष्य?

कॅन्सरवर काम करायचं ठरवलंय? मग ‘लवकर निदान झालेले रुग्ण जास्त वर्षं जगतात’ असं वाचलं की जरा थांबा. समजा, एका बाईंना 60व्या वर्षी गाठ हाताला लागली आणि 63व्या वर्षी त्या गेल्या. निदानानंतर 3 वर्षं. तीच गाठ तपासणीत 57व्या वर्षी सापडली, पण मृत्यू 63लाच आला, तर कागदावर 6 वर्षं! आयुष्य एका दिवसानेही वाढलं नाही. वाढली ती धास्तीत काढलेली 3 वर्षं. याला लीड टाइम बायस म्हणतात.

म्हणून मोजायचे ते मृत्यू, तेही यादृच्छिक गट पाडून. उत्तम उदाहरण आपल्याकडचंच आहे. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात 1999पासून, गावांचे 52 समूह करून, 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने 34 मृत्यू, नेहमीच्याच आरोग्यसेवेवर असलेल्या गटात 64. पॅप स्मिअर आणि ॲसिटिक ॲसिड लावून केलेली तपासणी, या दोन गटांत मात्र मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही. एचपीव्हीचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकला तर आधी पेशी बिघडतात, कॅन्सर नंतर होतो. मधल्या काळात उपचार करता येतात.

त्या 64 जणींच्या गटाला तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. तोही वाचाच.